चुकीची वेस

सत्यजित : हे जाकीट अंबरीषचं आहे ना?

वैभवी : हो.

सत्यजित : फोनही त्याचाच. पाकीटसुद्धा. हे सगळं आपल्या टेबलावर काय करतंय?

वैभवी : स्वरूपाने दिलंय. उद्या सकाळी तू गाडी काढायचीस आणि त्याला हे नेऊन द्यायचंस.

सत्यजित : नेऊन कुठे? समोरच्या बिल्डिंगमध्ये तर राहतात.

वैभवी : तो घरी नाही. त्या डोंगरातल्या गावातच आहे. आम्ही दोघी परत आलो.

सत्यजित : भांडले का दोघं?

वैभवी : एक शब्दही नाही. तू बस जरा. सांगते सगळं, पण मधेच उठून फोनाफोनी करायची नाही.

सत्यजित : त्याचा फोन इथे पडलाय. करू कुणाला?

वैभवी : तेच. ऐक. सकाळी स्वरूपा गाडी घेऊन खाली आली. तो शेजारच्या सीटवर, मी मागे. स्वारी खुशीत होती. बायको जपानी लायसन्स काढत होती तेव्हा किती चेष्टा केली होती त्याने. ती टेस्टमध्ये नापास झाली की दुसऱ्या दिवशी तुमच्या ऑफिसभर. पण आज गाडी ती चालवणार म्हटल्यावर त्याला साके प्यायला मोकळीक मिळाली, म्हणून तीच बायको एकदम हुशार झाली. गाव फार सुंदर आहे रे. उतारावर एकच दगडी रस्ता, दोन्हीकडे काळपट लाकडाची घरं, कडेने पाण्याचा पाट, दारादारांत वाळत टांगलेल्या पर्सिमनच्या फळांच्या माळा. अंबरीष म्हणाला, अगदी इटलीसारखं आहे. आणि झाला सुरू.

सत्यजित : तीच गोष्ट?

वैभवी : तीच. शेजारच्या टेबलावर एक ऑस्ट्रेलियन जोडपं सोबा नूडल्स खात होतं, त्यांना धरलं. टेकडीवरचं जुनं गाव, भोवती तटबंदी, दोन वेशी. बायको चुकीच्या वेशीवर जाऊन उभी राहिली आणि हा रात्रभर टॉर्च घेऊन गल्ल्या पालथ्या घालतोय. ती बाई तर हळहळली त्याच्यासाठी. तुला पाठच आहे म्हणा.

सत्यजित : सगळ्यांनाच पाठ आहे. मंडळाच्या गणपतीत दर वर्षी ऐकतो.

वैभवी : तुला जरा जास्त पाठ आहे.

सत्यजित : म्हणजे काय?

वैभवी : येते तिथपर्यंत. दुपारी ऊन चढलं तेव्हा त्याने जाकीट गाडीत टाकलं होतं, पाकीट खिशातच. फोन गाडीत चार्जिंगला. तिने काही काढून घेतलेलं नाही, एवढं लक्षात ठेव. जेवल्यावर तो साकेच्या दुकानात शिरला. ती म्हणाली, आम्ही गाडीकडे जातो, तू ये सावकाश. आम्ही दोघी वरच्या पार्किंगला गेलो, तिने बेल्ट लावला, आरसा नीट केला आणि गाडी काढली. मला वाटलं, त्याला चढ चढायला नको म्हणून खाली नेतेय. ती गाव ओलांडून सरळ हायवेला लागली.

सत्यजित : आणि तू गप्प.

वैभवी : नाही. मी म्हटलं, अगं अंबरीष राहिला. ती म्हणाली, "माहीत आहे मला."

सत्यजित : वेडी झालीय का ती? डोंगरात थंडी केवढी पडते आता. त्याला जपानी धड बोलता येत नाही, खिशात एक येन नाही.

वैभवी : तिच्याकडे काय होतं त्या इटलीतल्या गावात? ते आज पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकलं मी. इतकी वर्षं आपण त्याच्याच तोंडून ऐकत आलो. तुला ठाऊक आहे का, इटलीतली ती गावं बघायचं वेड तिचं होतं? शाळेत असल्यापासून. कुठल्याशा कॅलेंडरवर चित्र होतं, दगडी जिना, जिन्यावर मांजर, खिडकीत लाल फुलं. तेवढ्यासाठी ती पुण्यात इटालियनच्या क्लासला जाणार होती, तर लग्न ठरलं. मग त्याची तुरीनला मीटिंग निघाली आणि जोडून सुट्टी घेतली. आणि गेल्यावर काय, तर हा गावं उरकायला लागला. उतरायचं, फोटो काढायचा, पुढचं गाव. तुरीनचे ऑफिसातले दोघं एके दिवशी जेवायला आले होते, त्यांच्यासमोर ती सहज म्हणाली, आपण गावं बघतोय की मोजतोय? ते हसले. हाही हसला. पण ते त्याला लागलं.

सत्यजित : लागणारच. बाहेरच्यांसमोर बोलायचं कशाला?

वैभवी : बरं. त्याच दिवशी संध्याकाळी ते गाव आलं. वरच्या वेशीबाहेर गाडी लावली. तो म्हणाला, दहा मिनिटांत परत, पर्स-बिर्स राहू दे. ती आत गेली. एका दारात एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती. तिने खुणेने शेजारी बसवून घेतलं, तर ही बसली. दोघी शेंगा सोलत राहिल्या. एकमेकींचं अक्षरही कळत नव्हतं. स्वरूपा म्हणाली, आख्ख्या इटलीत तेवढाच वेळ मी इटलीत होते. उठून वेशीवर आली, तर गाडी नाही.

सत्यजित : हो, कारण गाडी खालच्या वेशीला होती.

वैभवी : तो तसं म्हणतो. ती अंधार पडेपर्यंत तिथेच उभी होती. हलले तर चुकामूक होईल म्हणून हललीसुद्धा नाही. फोन नाही, पैसे नाहीत, उतरले होते त्या शेतघराचं नाव आठवेना. शेवटी थंडीने कुडकुडायला लागली तेव्हा त्याच म्हातारीचं दार वाजवलं. म्हातारीने सूप दिलं, स्वतःच्या पलंगावर झोपवलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. अंबरीषला काही झालं असेल, गाडी दरीत गेली असेल, हेच मनात. त्याची काळजी करत होती ती, सत्यजित. सकाळी हा आला. म्हणाला, खालच्या वेशीला ये म्हणून सांगितलं होतं ना, कुठे असतं तुझं लक्ष? आणि तिने माफी मागितली. त्याची रात्र वाया गेली म्हणून.

सत्यजित : वाईट झालं. मी कुठे नाही म्हणतो? पण हरवतं माणूस.

वैभवी : सत्यजित, तिला कळलंय.

सत्यजित : काय कळलंय?

वैभवी : तो तिला मुद्दाम सोडून गेला होता ते. वेशीवर येऊन बघितलं, ती नाही, तर गाडी काढली. शेतघरावर जाऊन जेवला, वाइन प्यायला आणि गाढ झोपला.

सत्यजित : तिला कुणी सांगितलं?

वैभवी : मी.

सत्यजित : वैभवी.

वैभवी : तू मला सांगितलंस, मी तिला सांगितलं. इझाकाया बारमध्ये दोन ग्लास जास्त झाल्यावर तो तुला म्हणाला होता ना, हरवतेय कुठली, मीच सोडून आलो, एक रात्र बाहेर राहिली की डोकं ठिकाणावर येतं. तू मला ते हसत हसत सांगितलंस. सोफ्यावर पाय घेऊन.

सत्यजित : मी हसलो म्हणजे, तो सांगत होताच तसं. आणि ते खाजगीतलं होतं.

वैभवी : ती खाजगीत काय झाली होती ते बघितलंस? जपानला आल्या आल्या या बाईने मला सबवे शिकवली होती. कुठल्या डब्यात बसलं की जिन्यासमोर उतरतो, हे तिला स्टेशनगणिक माहीत होतं. इटलीहून आली आणि एकटी कुठे जाईना. साकाएच्या शाळेतली नोकरी सोडली. प्लॅटफॉर्मवर उभी राहिली की मला विचारायची, हाच ना गं? पाटी समोर असायची. तिला स्वतःच्या कानांवर भरवसा उरला नव्हता. कारण तिला त्या संध्याकाळचं स्वच्छ आठवत होतं, तो म्हणाला होता, गाडी इथेच आहे. आणि तो शांतपणे म्हणत होता, मी असं म्हणालोच नाही. मी सांगितलं तेव्हा ती रडलीसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, "म्हणजे मी बरोबर उभी होते." दुसऱ्या दिवशी जाऊन लायसन्सचा अर्ज भरून आली.

सत्यजित : म्हणजे हे सगळं तेव्हापासून डोक्यात होतं.

वैभवी : मला आज कळलं. हायवेवर तिने सांगितलं पुढचं. तो आल्यावर ती आरडाओरडा करणार नाही. म्हणणार आहे, मी खालच्या पार्किंगला थांबले होते, तुला सांगितलं होतं, कुठे असतं तुझं लक्ष? वाट पाहून घाबरून घरी आले. मग पुढच्या गणपतीत सगळ्यांसमोर तीच सांगेल, आमचा अंबरीष कसा चुकला ते. त्याच्या आईला व्हिडिओ कॉलवर सांगेल. दर वेळी थोडं रंगवून. तो विचारत बसेल स्वतःला, मी ऐकलं होतं की नाही. म्हणाली, त्याला खरं कधी सांगायचं ते मी बघेन. घाई नाही.

सत्यजित : आणि तू साक्षीदार.

वैभवी : आपण दोघं. गाडीत त्याचा फोन वाजत होता, मी घ्यायला हात पुढे केला, ती म्हणाली वाजू दे. मग सर्व्हिस एरियात थांबलो. चेस्टनटचं आइस्क्रीम खाल्लं. खरं सांगू, मला परत फिरायला सांगता आलं असतं. आइस्क्रीम फार छान होतं.

सत्यजित : मला नाही जमायचं हे. सोमवारी मी त्याच्या शेजारच्या टेबलावर बसतो. त्याच्या डोळ्यांत बघून खोटं बोलू?

वैभवी : स्वरूपा आपल्याकडे जेवायला यायची. तू तिच्या डोळ्यांत बघून तिला पोळी वाढायचास.

(टेबलावरचा अंबरीषचा फोन वाजू लागतो.)

सत्यजित : डोंगराकडचा लँडलाइन नंबर आहे. तोच असणार. स्वतःचाच नंबर तेवढा पाठ असेल त्याला.

वैभवी : घे. काय बोलायचं ते तू बोल. मी काही सांगणार नाही.

सत्यजित : हॅलो. हो, मी सत्यजित. अरे, तुझं सामान वैभवीकडे राहिलं म्हणून माझ्याकडे आहे. तू बरा आहेस ना? गावातल्या लॉजवर आहेस? तिथली बाई जेवायला घालतेय? चांगलं झालं. नाही, पोलिसांना कळवू नकोस. अरे, स्वरूपा कुठेही हरवलेली नाही. घरी आहे ती, केव्हाच पोचली. हो, रस्ता तिला व्यवस्थित सापडला. तू कुठे उभा होतास? वरच्या. हं. नाही, मी ऐकतोय. अंबरीष, एक मिनिट. वरच्या पार्किंगला कसा काय उभा राहिलास? खालचं ठरलं होतं. हो, वैभवीसमोरच ठरलं म्हणे. बराच वेळ थांबल्या होत्या दोघी. असेल, साकेमुळे असेल. येतो मी सकाळी. झोप आता.

वैभवी : काय म्हणाला?

सत्यजित : आधी म्हणाला, बाई परत हरवली, पोलिसांना सांगू या. नंतर म्हणाला, मला खात्री होती ती वरचंच म्हणाली. मग म्हणाला, नसेल म्हणाली. शेवटी विचारत होता, ती फार चिडलीय का.

वैभवी : लवकरच आलं त्याचं डोकं ठिकाणावर.

सत्यजित : त्याचा आवाज कधी असा ऐकला नव्हता मी. एवढा लहान. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. का बरं वाटलं असेल?

वैभवी : तुझं तू शोध.

सत्यजित : स्वरूपाला कळवतेस का, मी काय बोललो ते?

वैभवी : कळवते. तिला वाटलं होतं, तू त्याला खरं सांगून टाकशील.

सत्यजित : आणि तुला?

वैभवी : मलाही.

सत्यजित : आता तरी माझ्यावरचा राग गेला ना तुझा?

वैभवी : नाही. वाढलंय, जेवून घे.