वरच्या दोन खाचांवरची पट्टी

सात वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही, मुलीलाही नाही. तुम्ही छापखान्याच्या आठवणी विचारायला आलात, त्या सांगीन, पण आधी हे लिहून घ्या, नाहीतर पुन्हा धीर व्हायचा नाही.

माझा जन्म गिरगावातला, याच चाळीतला, याच दुसऱ्या मजल्यावरचा. वडील कारकून होते. मी चौतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि समासात लाल खूण करायची. दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा असे. नुसतं फडकं मारून चालत नसे, शाईचा डाग, डिंकाचा एक कण जरी राहिला तरी आमचे फोरमन नारळ फोडू द्यायचे नाहीत. म्हणायचे, मळक्या यंत्राला कुंकू लावता, लाज नाही वाटत? ते अंगात असं भिनलं, काय सांगू तुम्हाला, तेच पुढे नडलं.

बायको गेली तेव्हा केतकी कॉलेजात होती. पुढे परळला एका ऑफिसात लागली आणि तिला कॉम्प्युटरवरच्या गाड्यांच्या शर्यतींचं वेड लागलं. मी म्हटलं, अगं, पंचविशी उलटली तुझी. ती म्हणाली, बाबा, यात संघ असतात, निवड होते, मी चांगली आहे यात. आणि खरंच चांगली होती हो. टेबलाला स्टिअरिंग लावून बसली की तिची आई शिवणयंत्रावर बसायची तशी पाठ ताठ.

तेजस तिच्या ऑफिसातला, राहायला लालबागला. कॉम्प्युटर त्यानेच जोडून दिला. तो रविवारी यायचा, मी दोघांसाठी चहा करायचो आणि मनात म्हणायचो, हे दोघं लग्नाचं कधी काढणार. मॉनिटर घ्यायला तिघं लॅमिंग्टन रोडला गेलो. तीन हवेत म्हणाली, एक समोर, दोन बाजूंना. मी म्हटलं, समोरचा नवा घे, बाजूचे जुने चालतील, तिकडे कोण बघतंय? तेजस हसला, म्हणाला, काका, तिन्ही एकाच उंचीचे, एकाच जातीचे लागतात, नाहीतर सांध्यावर रस्ता तुटतो. तीन जुळे मॉनिटर घेऊन टॅक्सीने आलो. मधला माझ्या मांडीवर होता.

जोडताना त्याने मलाही बॅटरी धरायला लावली. कॉम्प्युटरच्या डब्याच्या पाठीला वर दोन खाचा होत्या आणि खाली आडव्या ओळीत चार. म्हणाला, काका, वायरी खालच्याच खाचांत लावायच्या, गेमचं कार्ड तिथे आहे. वरच्यात लावलं तरी चित्र दिसतं, म्हणूनच माणूस फसतो, मग गाडी अडखळते. असं म्हणून त्याने वरच्या दोन खाचांवर कागदी चिकटपट्टी लावली, तीवर पेनने काहीतरी लिहिलं आणि डबा टेबलाखाली कोपऱ्यात सरकवला. मी हो हो म्हटलं. माझं लक्ष कुठे होतं कोण जाणे.

त्या वर्षी निवडीची शर्यत नेमकी दसऱ्याला दुपारी चारला होती. सकाळी केतकी दादरला मावशीकडे सोनं द्यायला गेली. मी म्हटलं, आज हेच तिचं यंत्र, पूजा व्हायला हवी. डबा बाहेर ओढला, वायरी काढल्या, तिन्ही मॉनिटर पुसले. पाठीमागे धुळीने काळी पडलेली चिकटपट्टी दिसली. मला वाटलं, खोक्याची राहिली असेल. चष्मा डोक्यावर होता, डोळ्यांवर नव्हता. खोबरेल तेलाचं बोट लावून खरवडली आणि तिच्या आड दोन खाचा दिसल्या तशी मधल्या मॉनिटरची वायर तिथे बसवली, बाकीच्या दोन खालच्या ओळीत. चालू केलं तर तिन्हींवर चित्र. हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. समाधान वाटलं हो मला.

ती शर्यतीच्या जेमतेम दहा मिनिटं आधी आली. गाडी सुरू झाली आणि मधला रस्ता झटके खायला लागला, बाजूचे पुढे, मधला मागे. तिने तेजसला फोन लावला. तो म्हणाला, आधी मागे बघ, वायर वर तर नाही ना लागली? तिने मान वळवून मला विचारलं, बाबा, तुम्ही मागे हात लावला होता का? मी म्हटलं, नाही गं, मी फक्त वरून फूल वाहिलं.

एवढंच. एवढंच बोललो मी. ती फोनवर म्हणाली, बाबांनी हातही लावलेला नाही, मागे काय बघू? तिसऱ्या फेरीत गाडी भिंतीवर गेली, निवड गेली. मग ती तेजसला नको ते बोलली, तू जुनं कार्ड घातलंस, मला फसवलंस म्हणाली. तो म्हणाला, येऊन बघतो. ही म्हणाली, येऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसला गेल्यावर फडकं धुवायला काढलं, तर त्याला ती पट्टी चिकटलेली. चष्मा लावून वाचलं. काका, इथे नको. मलाच लिहिलं होतं त्याने. मी काय केलं असेल? गुपचूप डबा ओढला आणि वायर खाली लावली. चूक दुरुस्त केली असं म्हणाल, पण मी पुरावा पुसला.

आठवड्याने तो आलाच. केतकी आत चहा ठेवत होती. त्याने मोबाइलच्या उजेडात मागे पाहिलं आणि हळूच विचारलं, काका, इथली पट्टी? मी म्हटलं, कुठली पट्टी? त्याने खाचांवर बोट फिरवलं. तेलकट लागलं असणार. माझ्याकडे बघितलं. मग आत वळून मोठ्याने म्हणाला, केतकी, कार्ड सैल बसलं होतं, चूक माझीच. ती म्हणाली, हे आधी नाही बघता आलं तुला? अर्धा कप चहा तसाच ठेवून तो गेला, तो पुन्हा आला नाही. तिनेही बोलावलं नाही.

वर्षभरात तिने स्टिअरिंग विकलं, दोन मॉनिटर विकले. आता पुण्याला असते, एकटीच. मधला मॉनिटर इथेच आहे, त्यावर मी बातम्या बघतो.

गेल्या पावसाळ्यात परळला डोळे तपासायला गेलो होतो. रांगेत कोणीतरी हात धरून बाकावर बसवलं. तेजस, आईला घेऊन आला होता. वाकून नमस्कार केला त्याने. माझा फॉर्म भरून दिला, विचारलं, काका, केतकी कशी आहे? मी म्हटलं, बरी आहे. पट्टी माझ्या चष्म्याच्या डबीत होती, तेव्हापासून तिथेच असते. डबी उघडली. तो बघत होता. मी चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि डबी मिटली. तेवढ्यात त्याच्या आईचा नंबर पुकारला, तो उठला. तो दारातून आत जाईपर्यंत वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, साधं, एकही चूक नसलेलं. तेजस, पट्टी मी काढली होती, मला माफ कर.