नत्थूजीचं गंजलेलं आरमार

...अन् एक दिवस माझी मरून नेलपॉलिश गायब! कुठं गेली? जहाजाच्या बुडाले लागली! बोटाच्या पेराएवढं जहाज, त्याले माझी नेलपॉलिश, अन् मी भाचीच्या लग्नाले कोऱ्या नखानं गेली. पण मी काही बोलली का? नाही बोलली!

आमचे हे, नत्थूजी जी! कोराडीच्या वीज केंद्रातून रिटायर झाले अन् घरी येऊन खुर्चीत जे बसले, ते बसलेच. बोलणंच बंद! "चहा घेता काय?" त मान हलवणार. "भाजी कोणती करू?" त भिंतीकडं पाहणार. घरात माणूस असून मी टीव्हीशी बोलायची, सांगा! मग आमच्या पोरानं, सौरवनं, पुण्याहून एक डबा पाठवला. त्यात चिमुकली लढाऊ जहाजं, रणगाडे... ते रंगवायचे, टेबलावर मांडायचे अन् फासे टाकून लढाई खेळायची. पहिल्याच दिवशी हे म्हणतात, "शामला, तुझा वाचायचा चष्मा दे वं." अहो, कित्येक महिन्यांनी माझं नाव घेतलं माणसानं! मी पदरानं डोळे पुसले अन् चष्मा देऊन टाकला. तवापासून सुईत दोरा अंदाजानं ओवते... पण मी काही बोलली का? नाही बोलली!

आता जेवणाचं टेबल म्हणजे समुद्र. आम्ही जेवतो खाली बसून. रविवारी जरीपटक्याहून यांचे जुने दोस्त धम्मानंदभाऊ आपलं आरमार चपलेच्या खोक्यात घालून येतात, अन् दोघं म्हातारे टेप घेऊन भांडून राहिले! "नत्थूजी, तुमची तोफ एवढ्या दूर नाही पोचत!" "काहून नाही पोचत? नीट मोज ना गा!" ब्रश बुचकळतात चहाच्या कपात, ब्रशचं पाणी पिऊन टाकतात, अन् वरून मलेच म्हणतात, "शामला, आज चहात आलं जास्त झालं वं!"

अन् खोड कशी पाहा. जहाज आधी चकाचक रंगवतील, त्यावर वार्निश मारतील, मग त्याच चकाचक जहाजावर स्वतःच्या हातानं गंज चढवतील! मी म्हटलं, काहून जी? त म्हणे, "अवं, नवंकोरं दिसलं त खोटं वाटते. कामाची वस्तू मळकीच पाहिजे."

एवढ्यात आला तान्हा पोळा, लहान पोरांचा लाकडी बैलांचा सण. लेकीकडची नात चिन्मयी सावनेरहून आपला लाकडी बैल घेऊन हजर. "आबा, असा रंगवा का सजावटीत पहिला नंबर माझाच!" हे दार लावून बसले. मिरवणुकीच्या दिवशी बैल बाहेर काढला... अरे देवा! गुडघ्यापर्यंत चिखल, पाठीवर धूळ, खांद्यावर जू घासल्याचा काळा पट्टा! साऱ्या गल्लीचे बैल बेगड लावून, मणी घालून चमकून राहिले, अन् आमचा जसा आताच वावरातून सुटून आला! पोरीचा ओठ थरथरला. यांचं तोंड एवढंसं झालं... अन् हळूच सरकले ना जी त्या खुर्चीकडं! तीच खुर्ची, तीच भिंत! मी हात जोडले. म्हटलं, देवा, नेलपॉलिश घे, टेबल घे, माझा चष्मा घे, पण हा माणूस परत मुका नको करू!

तेवढ्यात पोरगी म्हणते, "आबा, हा काम करून आला काय?"

"हो..."

"मंग याले आंघोळ कोण घालन? पोळ्याले बैल धुतात ना!" अन् थेट बाथरूम! बैल बादलीत! वार्निश होतं खालच्या रंगावर, चिखलावर नाही, त सारा चिखल मोरीत वाहून गेला अन् आतून निघाला पांढराफेक, चकचकीत बैल! यांची सारी मेहनत पाण्यात... अन् हे? हसले! पोट धरून हसले! "अवं शामला, बरोबर आहे पोरीचं! पोळ्याचा बैल धुतलेलाच खरा वाटते!"

पहिला नंबर? कायचा जी! बैलातून पाणी ठिबकून राहिलं होतं, परीक्षकानं हातातच नाही घेतला. पण आजा-नात वाजतगाजत परत आले, अन् पोरगी टेबलाकडं पाहून म्हणते, "आबा, जहाजं पण किती मळकी आहेत!" मी डोळेच मिटले. उघडले तवा सारं आरमार बादलीत! गंज धुऊन गेला, अर्धी जहाजं तळाशी! अन् हे स्टूल टाकून बादलीपाशी बसलेले. "बुडू दे वं, लढाईच आहे! डावीकडून येऊ दे!" फोन करून धम्मानंदभाऊलेही बोलावून घेतलं!

तवापासून बाथरूमवर तिघांचा कब्जा. नुसता आरडाओरडा! घरात आवाज आहे जी, देवाचे लाख उपकार. मी साबण-टॉवेल घेऊन शेजारी यमुताईकडं आंघोळीले जाते. आज तिनं विचारलंच, "काहून वं शामला, तुमच्याकडं पाणी नाही येऊन राहिलं काय?"

म्हटलं, पाणी येते वं... पण त्यात युद्ध चालू आहे!