टाकीचा श्वास

स्पेअर पार्टच्या दुकानात शिक्षिकाबाई पंपाचा वॉशर घ्यायला थांबल्या होत्या. पुढच्या नवराबायकोचं मेकॅनिकशी बोलणं काही संपेना, आणि बाईंनाही ते संपू नये असंच वाटायला लागलं.

"स्कीइंगला माणूस दोरीनं मागे ओढणारी आमची बोट वीस मिनिटं झकास पळते," नवरा सांगत होता, "आणि मग तळ्याच्या मधोमध इंजिन बंद!"

"प्लग बदलले का, साहेब?"

"प्लग, फिल्टर, पंप, सगळं बदललं. आता फक्त बायको बदलायची राहिलीय."

"बदला की. नवी तरी हौसेनं वल्ही मारेल."

"ताई, टाकीचं झाकण उघडलं की आवाज येतो?"

"येतो ना, फुस्स! आणि लगेच इंजिन सुरू होतं."

"म्हणजे टाकीत हवाच जात नाही. बोटीच्या बाजूला हवेसाठी बारीक भोक असतं, ते तपासा."

"ते होय? ते मी कधीच बुजवलं. म्हटलं, पाणी शिरेल. एम-सीलचे चांगले दोन थर दिलेत!"

"अहो!"

"ते मोकळं करा, साहेब. परत बंद पडायचं नाही."

"आत्ताच तुझ्या भावाला कळवतो. बिचारा दर वेळी मागे स्कीसकट बुडतो."

"खबरदार सांगाल तर! आपल्याच वजनानं इंजिन दमतं, असं दादाला वाटतंय. महिनाभर गोडाला शिवला नाही, रोज पहाटे पळतो."

"मग इंजिनाचं काय करू?"

"त्याचे अजून दहा किलो उतरू देत. मग उघडा ते भोक."