बाल्कनीखालची खुर्ची

तुम्ही कॉम्प्युटरचं एवढं कौतुक सांगताय म्हणून आठवलं. आणीबाणीच्या आसपास आम्ही सोलापुरात, नव्या पेठेजवळ एक थिएटर बांधत होतो. बाल्कनीला पुढून एकही खांब नव्हता, म्हणून आमच्या साहेबांनी तिचा सगळा हिशोब मुंबईला जाऊन कॉम्प्युटरवर करून आणलेला.

ठेकेदार मल्लप्पाची एक रीत होती. स्लॅबचे टेकू काढताना डिझाईन करणाऱ्यानं खाली बसून चहा प्यायचा.

"साहेब, ह्या टायमाला हिशोब मशीननं केलाय म्हनं. मग खाली बसनार कोन?"

साहेब खुर्ची ओढून, चहा घेऊन बाल्कनीखाली बसले. गड्यांनी पहिला टेकू काढला, दुसरा काढला. वर कुठंतरी कर्रकन वाजलं. साहेबांनी हातातली कपबशी खाली ठेवली.

आणि शेजारी दुसरी खुर्ची ओढली.

"या मल्लप्पा, बसा. सिमेंट पुरेपूर पडणार असं मी मशीनला सांगितलंय. तेवढं घातलंय ना तुम्ही?"

मल्लप्पानं वर बघितलं, मग खुर्चीकडं बघितलं आणि गड्यांवर ओरडला, "आरं थांबा की! काढलेलं टेकू आदी परत लावा!"