पुतण्याची वरात आणि नुसतं टक्

तुमच्या गाडीच्या स्टार्टरचं राहू द्या, आधी माझं ऐका. पुतण्याची वरात माझ्या वडिलांच्या जुन्या गाडीतूनच निघणार, असं मी आमच्या अख्ख्या उधन्यात सांगून बसलो होतो. गाडी नवा रंग लेऊन आली, चावी फिरवली, तर नुसतं टक्. बॅटरी बदलली, स्टार्टर दोनदा खोलला, तरी टक्. नवरदेव घोडेवाल्याचा नंबर शोधायला लागला.

शेवटी लिंबायतचे गाड्यांचे वायरमन भास्करआबा आले. त्यांनी बॅटरीची गाडीच्या पत्र्याला जोडलेली अर्थिंगची पट्टी सोडली, खालचा रंग खरवडला, पट्टी पुन्हा आवळली. पहिल्याच चावीला गाडी सुरू.

"शेठ, रंगातून करंट जातो का कुठं? पेंटर गाढव दिसतो तुमचा."

मी मान डोलावली. खरं तर पेंटरनं ती पट्टीखालची जागा कोरीच ठेवली होती. "पूर्ण गाडीचे पैसे घेतोस, मग इथं का चोरी?" म्हणून मीच उभं राहून त्याला ती रंगवायला लावली होती.