कडूबाईचं मडकं

आणि नाक! नाक कशाला दिलंय हो देवानं माणसाला, नुसती मिशी टेकवायला? तुम्हाला सांगतो, बेंबळीच्या कडूबाईचं डोकं त्या दिवशी जे फिरलं ना, ते फिरायलाच पायजे होतं! आता बघा, निजामाचं राज्य, वर लढाई चालू, बाजारात तेलाचा थेंब न्हाय. इकडं गहू पोटरीत आलेला, अन्‌ विहिरीवरची मोट? चामडं वाळून असं कडक, की वाकवलं तर कडाकडा वाजतंय! नवरा बलभीम कपाळाला हात लावून बसला, "मोट चिरली तर पाणी कशानं काढू? गहू गेला बघ!" मग ही बाई मोटंला चोपडायला जत्रेतल्या बोकडांची चरबी दारोदार मागत हिंडली. बारीक चिरली, जरासं पाणी घालून मंद जाळावर कढवली, वासानं घरात बसवंना, तरी बसली! दोनदा फडक्यातनं गाळली. थिजली तर पांढरीशुभ्र... हितंच घात झाला.

दौऱ्यावरच्या साहेबासाठी घरोघरचं तूप वसूल करायला शिपाई आला. बाई न्हाय म्हणाली का? न्हाय! लेकीच्या बाळंतपणाला जपलेलं वाटीभर गाईचं तूप तिनं जड हातानं पुढं केलं. पण ह्या बहाद्दराचा डोळा कुठं? मडक्यावर! नाक मात्र गहाण टाकलेलं!

"वो मटके में क्या है?"

"आवं, ती चरबी हाय! मोटंला लावायची!"

"झूट नक्को बोल, बुढिया! भैंस का घी हाय, सफेद! वो वाटी तेरेकूच रख."

घ्या! वर दानशूर! निघाला मडकं घेऊन. कडूबाई मागं, पदर खोचून, चावडीपातुर बोंबलत, "आवं, ती चरबी हाय!" अन्‌ चावडीवरच्यांनी काय करावं? खो खो हसले! "व्हय व्हय कडूबाई, आमच्या बी घरातल्या तुपाचा काल चुना झालाय!" अख्ख्या गावानं तूप दडवायला थापा मारलेल्या, मग हिचं खरं कोण ऐकतंय? अन्‌ साहेबानं? साहेबानं पुऱ्या त्यातच तळून घेतल्या, बोटं चाटली, "वाह! अगले दौरे में यहीच घी!"

आता सकाळी मोट जुंपायची. चोपडायला घरात काय? ती वाटी!

"अगं, लेकीचं तूप हाय ते..." बलभीम रडकुंडीला आला.

"गहू वाळला तर लेक काय माती खाईल? आणा हिकडं!"

डोळ्याला पाणी, तोंडात शिव्या, अन्‌ बाईनं गाईचं तूप चामड्याला चोळलं हो! शेवटच्या बोटापातुर! मोट मऊ झाली, गहू तगला. लेक बाळंत झाली, ती कोरड्या भाकरीवर. चरबी साहेबानं खाल्ली, तूप मोटंनं खाल्लं, अन्‌ जिचं होतं तिच्या ताटात काय? सांगा की!

पुढच्या दौऱ्याला शिपाई पुन्हा दारात. चुलीवर मडकं, घरात तोच चरबीचा वास.

"बुढिया, मटके में क्या है?"

कडूबाईनं मान बी वर केली न्हाय. म्हणाली, "तूप."