दुसरी काच

ब्राह्मी : ह्या जुन्या जोडफोटोत सापडली आजोबा. वरच्या सज्ज्यात उभी आहे, डोक्यावर पदर, हातात परात.

कल्लाप्पा : नीट बघ. चौऱ्याऐंशी वर्षांचा झालो, बापाच्या आईचं तोंड कवा बघितलं न्हाई. जिनाप्पा आज्जाच्या फोटोशेजारची खुंटी अजून रिकामीच हाय. नाकात काय हाय तिच्या?

ब्राह्मी : मोरणी.

कल्लाप्पा : मग कस्तुरी आज्जीच ती. माझा बाप, आण्णा, मोरणीचंच सांगायचा.

ब्राह्मी : पण ह्या दोन भिंगांतून दोन्ही फोटो एकदम बघितले की ती थरथरते. आपली पेठेतली इमारत कशी खरीखुरी पुढं येते, खांब, पाट्या, सगळं. ती मात्र आहे-नाही, आहे-नाही. मला भीती वाटली.

कल्लाप्पा : माझा एक डोळा गेलेला, मला सपाटच दिसतंय. पुसून बघ. पुरात भिजलाय फोटोंचा डबा.

ब्राह्मी : पुसलं. आता दोन्ही फोटो वेगवेगळे बघते... डाव्यात ती आहे. उजव्यात नाही.

कल्लाप्पा : असं कसं? जोडफोटो हाय त्यो.

ब्राह्मी : फोटो काढणाऱ्या जिनाप्पा आज्जांकडं कॅमेरा एकच होता ना?

कल्लाप्पा : एकच. आज्जा एका काचेवर फोटो घ्यायचा, कॅमेरा फळीवर अडीच इंच सरकवायचा, मग दुसरी काच. तवर समद्यांनी खांबावानी उभं राहायचं. हलला त्येची गय न्हाई. पेठ टरकून असायची त्येला.

ब्राह्मी : उजव्या फोटोत सज्ज्याचा कठडा मोडलाय, आजोबा.

(ब्राह्मी उजवा फोटो खिडकीच्या उजेडात धरते.)

ब्राह्मी : खाली छपराची सावली आहे, तिथलं काही दिसत नाही. पण रस्त्यावरची माणसं बघा. हमाल, गिऱ्हाईकं, दिवाणजी, सगळी तशीच उभी. परात पडल्याचा आवाज तरी आला असेल की.

कल्लाप्पा : आमाला सांगितलं, प्लेगात गेली.

ब्राह्मी : हं.

कल्लाप्पा : बायको पडली, आन् ह्यानं दुसरी काच लावली.

ब्राह्मी : एक जण हललाय. चार-पाच वर्षांचं पोर. डाव्यात जरीची टोपी, चेहरा स्पष्ट. उजव्यात नुसता पुसट पट्टा, छपराच्या दिशेनं.

कल्लाप्पा : आण्णा.

ब्राह्मी : तुमचे वडील?

कल्लाप्पा : जरीची टोपी त्येचीच. जन्मभर फोटोला श्वास धरून उभा राहायचा गं, आमी हसायचो. मरताना सुदिक म्हणत हुता, मी हललो, मी फोटो नासवला. मला वाटलं, वातात बोलतोय.

ब्राह्मी : पाणी आणू?

कल्लाप्पा : नको.

ब्राह्मी : डावा तेवढा मोठा करून फ्रेम करू का? आज्जीचा चेहरा छान आलाय त्यात.

कल्लाप्पा : आज्जाचा उतरव, आन् तिथं दोनी लाव. उजव्यात आण्णा आईकडं पळतोय.